चारचाकी वानप्रस्थ

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याचा निकाल आपल्याकडे फार पूर्वीच लागलेला आहे. मनूने सांगून ठेवले आहे की, अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने रानाची वाट धरावी. पत्नीचे काय करायचे, याचाही विचार त्याने केला आहे: तिला मुलांच्या स्वाधीन करावे, नाहीतर बरोबर न्यावे. वर्गात आश्रमव्यवस्थेचा विषय निघाला की मुले हसतात, आणि त्यांचे हसणे रास्तच असते. कारण त्यांच्या ओळखीचा निवृत्त गृहस्थ रानाची वाट धरीत नाही. तो बागेतल्या बाकाची वाट धरतो आणि तिथे बसून निवृत्तिवेतन, गुडघे आणि सूनबाई या तीन विषयांवर चिंतन करतो.

आमच्या मामांनी मात्र मनूचे म्हणणे अक्षरशः मनावर घेतले. फरक इतकाच की, त्यांनी रान निवडले ते आफ्रिकेतले, आणि तिथे ते वल्कले नेसून नव्हे, तर भाड्याच्या चारचाकीतून गेले.

मामा ६७ वर्षांचे आहेत. त्यांची उभी हयात पुलांच्या कामांवर गेली. मामी ६३ वर्षांची. प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. आफ्रिकेतले हत्ती पाहायचे, हे मामांचे तरुणपणापासूनचे वेड. कुठल्याशा मासिकातले नदी ओलांडणाऱ्या हत्तींचे एक चित्र त्यांनी कापून ठेवले होते. बदली झाली की ते चित्र नव्या घराच्या भिंतीवर सगळ्यांत आधी लागे. भविष्यनिर्वाह निधीतले काही पैसे त्यांनी या कामासाठी बाजूला काढले तेव्हा पुण्याच्या चिरंजिवांनी बराच आरडाओरडा केला. जायचेच तर एखाद्या कंपनीच्या सहलीबरोबर जा, या वयात परमुलखात गाडी कसली हाकता, असे त्यांचे म्हणणे. मामा म्हणाले, “नामिबियात आणि बोत्सवानात गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतात, आपल्यासारखी. आणि समोरून येतंय कोण?” हे काही अगदीच खोटे नव्हते. नामिबिया हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि तिथली वस्ती सारी तीस लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या पुणे शहरात याहून अधिक माणसे राहतात.

मामीने दोन अटी घातल्या. एक, चतुर्थीच्या आत घरी परतायचे. कोकणातली बाई गणपतीला घराबाहेर राहील, हे तर संभवतच नाही. दुसरी अट तंबूची. तिकडे भाड्याच्या गाडीच्या टपावरच तंबू बांधून देतात आणि शिडी चढून त्यात निजायचे असते. “जन्मभर माळ्यावरची भांडी काढली, आता माळ्यावर निजायला मी यायची नाही,” असे मामीने ठणकावले. त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाला सरकारी विश्रांतितळ किंवा नदीकाठची अतिथिगृहे, असे ठरले.

तिसरी एक गोष्ट होती. पण मामीने ती अट म्हणून सांगितली नाही. मामीचे माहेर दोडामार्ग तालुक्यातले. २००२ साली कर्नाटकातून हत्ती त्या बाजूला उतरले आणि तेव्हापासून तिथल्या बागायतदाराची झोप उडाली. केळीची बाग, पोफळी, जोपासलेले माड एका रात्रीत आडवे होतात. मामीच्या भावाने हे दोनदा सोसले. नुकसानभरपाईच्या कागदांचे गाठोडे त्यांच्या ओटीवरच्या फडताळात अजून आहे. तेव्हा मामांच्या स्वप्नातला हत्ती आणि मामीच्या माहेरचा हत्ती, हे दोन अगदी निराळे प्राणी होते. आणि ते दोघेही एकाच गाडीत बसून निघाले.

मामीची खर्चाची वही सध्या माझ्याकडे आहे. डावीकडे डिझेल, पाव, पाणी, अंडी यांचे हिशेब आणि उजवीकडे दिवसाचे दोन-चार शब्द. जुलैअखेरची पहिली नोंद आहे: “थंडी पुण्यासारखी. रस्ता सरळ. माणूस नाही.”

राजधानी विंडहुक सोडून उत्तरेला चारशे किलोमीटरांहून थोडे अधिक गेले की एटोशाचे राष्ट्रीय उद्यान लागते. १९०७ साली जर्मन अमलात हे क्षेत्र राखीव झाले. आज त्याचा विस्तार बावीस हजार चौरस किलोमीटरांच्या वर आहे. त्याच्या मधोमध एक प्रचंड खारट सपाटी पसरलेली आहे. एटोशा म्हणजे मोठी पांढरी जागा, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. कोरड्या ऋतूत या सपाटीत पाण्याचा थेंब नसतो. पाणी असते ते कडेच्या मोजक्या झऱ्यांवर आणि पाणवठ्यांवर. त्यामुळे इथे प्राण्यांच्या मागे धावावे लागत नाही. पाणवठ्याशी गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचे आणि बसायचे. गाडीतून खाली उतरायला बंदी. वेग ताशी साठाच्या आत. सूर्य उगवला की फाटक उघडणार आणि मावळला की मिटणार. दिनक्रम सूर्याच्या हाती सोपवणे हे निवृत्त माणसाला जमण्यासारखे आहे. नोकरीतल्या माणसाला ते कठीण जाते. मामा सांगतात, शेजारच्या गाडीतली तरुण मंडळी पाच मिनिटे थांबून निघून जात, आणि ती गेली की नेमके जनावर येई. जिराफ पाण्यापाशी आला तरी लगेच पीत नाही. तो आधी चहूकडे पाहतो, मग पुढचे पाय फाकवतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा पाहतो. मामी म्हणाली, “सरकारी खात्यात असता तर बढती मिळाली असती याला.”

ओकाउकुएयो येथे विश्रांतितळाच्या कुंपणालाच लागून एक पाणवठा आहे. रात्रभर त्यावर दिव्यांचा मंद उजेड असतो. बाकांवर पन्नास-साठ माणसे अंगाभोवती घोंगड्या लपेटून बसलेली. पण कोणी चकार शब्द काढीत नाही. काळा गेंडा आला, पाणी प्यायला आणि गेला. मग अंधारातून आवाज न करता हत्तींचा कळप आला. मामांच्या डोळ्यांना पाणी आले, असे ते स्वतःच सांगतात. त्यांनी मामीकडे पाहिले, तर मामी पाठ फिरवून बसलेली. “अगं, बघ ना!” मामा कुजबुजले. त्यावर मामीने मालवणीतच उत्तर दिले, “ह्यांका बघूक मी इतके पैशे मोजून इलंय?” मामी मालवणीत बोलली की तो विषय संपलेला असतो, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. मामांनी त्या रात्री आपल्या टिपणवहीत एकसष्ट हत्तींची नोंद केली आणि न बोलता निजले. मामीच्या वहीत त्या दिवशी उजवी बाजू कोरी आहे.

एटोशाच्या पूर्वेच्या फाटकाने बाहेर पडून ग्रूटफॉन्टेन आणि पुढे रुंडूकडे जाताना वाटेत एक नाके लागते. जनावरांच्या रोगांसाठी घातलेल्या लांबच लांब कुंपणावरचे ते नाके. या कुंपणाची हकीकत मोठी विलक्षण आहे. गेल्या शतकाच्याही आधी आफ्रिकेत बुळकांडीची साथ आली आणि गुरे लाखांनी मेली. ती अडवण्यासाठी जर्मनांनी १८९६-९७ च्या सुमारास चौक्यांची एक ओळ उभारली. तीच पुढे कुंपण झाली. बुळकांडी जगातून गेल्याचे २०११ साली जाहीर झाले. कुंपण मात्र आहे तिथेच आहे, कारण रानरेड्यांकडून गुरांना होणारी लाळ-खुरकत अजून शिल्लक आहे. कुंपणाच्या उत्तरेचे कच्चे मांस दक्षिणेला नेता येत नाही. नाके ओलांडले आणि मामीने काच खाली केली. दक्षिणेला मैलोगणती तारांनी बांधलेली मोठमोठी कुरणे आणि त्यांत माणसाचे नाव नाही. उत्तरेला रस्त्याच्या दोन्ही अंगांना झोपड्या, शेळ्या, शाळेतून परतणारी मुले, डोक्यावर पाण्याची भांडी घेतलेल्या बाया. मामीने वहीत लिहिले, “माणसे लागली. बरे वाटले.”

दिवुंडूपाशी ओकावांगो नदीच्या काठी त्यांचा दोन रात्री मुक्काम होता. तिथला पोपा धबधबा पाहून मामांचा विरस झाला. उंची सारी चार मीटरांच्या घरात. “हा धबधबा कसला, हा तर सांडवा!” असा त्यांनी निकाल दिला. पण नदीची गोष्ट ऐकून दोघेही थक्क झाली. ही नदी अंगोलाच्या डोंगरात उगम पावते आणि समुद्राला मिळतच नाही. बोत्सवानात शिरून ती कालाहारीच्या वाळूत हाताच्या बोटांसारखी पसरते आणि तिथेच जिरून, वाफ होऊन संपते. तो त्रिभुज प्रदेश २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या यादीतले ते हजारावे स्थळ. अंगोलातल्या पावसाचे पाणी इतक्या सावकाश चालते की ते खाली पोचेपर्यंत तिथे ऐन कोरडा ऋतू आलेला असतो. जेव्हा आभाळातून काही मिळत नाही, नेमका तेव्हाच पूर येतो. डोंगरावर पाऊस पडला की दुपारपर्यंत ओहोळाला लोंढा, ही ज्यांची सवय, त्या कोकणच्या माणसांना हे पटायला वेळ लागला. रात्रभर पाणघोडे हुंकारत होते. मामीची नोंद: “झोप नाही. शेजारी घोरणारे दोन प्रकारचे.”

इथून पूर्वेला नामिबियाच्या नकाशाला एक लांब बोट फुटलेले दिसते. १८९० साली जर्मनांनी इंग्रजांकडून ही पट्टी मिळवली. हेतू हा की झांबेझी नदीपर्यंत पोचावे आणि तिच्यातून पूर्वेच्या समुद्राकडे वाट काढावी. आता वाटेत व्हिक्टोरिया धबधबा उभा, त्याला काय करणार? ज्या जर्मन प्रधानाचे नाव या पट्टीला होते, त्याचे नाव २०१३ साली तिच्या पूर्वभागावरून निघाले आणि तो झांबेझी प्रांत झाला. या पट्टीत ब्वाब्वाटा नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. २००७ साली ते झाले. पण त्यासाठी गावे उठवली नाहीत. उद्यानातच माणसे राहतात, शेती करतात, मुले शाळेत जातात. एकशेनव्वद किलोमीटरांचा डांबरी रस्ता त्यातून जातो आणि ठिकठिकाणी हत्तींपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत. मामांनी गाडीचा वेग निम्म्यावर आणला. मामी म्हणाली, “दोडामार्गात अशा पाट्या माणसांच्या मनात असतात.”

क्वांडो नदीच्या काठचे अतिथिगृह म्हणजे लाकडी मचाणांवरच्या चार-सहा खोल्या. तिथला नावाडी जवळच्याच गावचा तरुण. त्याने पहिल्याच संध्याकाळी उत्साहाने विचारले, “उद्या हत्ती दाखवू?” मामीने उलट विचारले, “हत्ती नको. तुझी शेती दाखवतोस?” पाहुण्यांच्या तोंडून असा प्रश्न त्या मुलाने ऐकलेला नसावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोघांना आपल्या आईकडे घेऊन गेला.

पीक केव्हाच निघालेले होते. रान उघडे पडले होते. मामीने बांधावरची वाळलेली कणसे उचलली आणि ओरडली, “अहो, ही बाजरी!” खरेच ती बाजरी होती, त्या देशात तिला महांगू म्हणतात आणि भाकरीऐवजी तिची घट्ट पेज करून खातात. बाजरीच्या शेजारी मक्याचे धसकट होते. त्या बाईने एका कोपऱ्याकडे हात करून जमिनीपासून छातीपर्यंत मका दाखवला, आणि मग तोच हात आडवा फिरवला. भाषांतराची गरज पडली नाही. मामी खाली बसली. तिनेही हातांनी माड दाखवला, केळ दाखवली, आणि तोच हात तसाच आडवा फिरवला. एकीचा मका, दुसरीचे माड. मध्ये अख्खा समुद्र. मामा सांगतात की, त्यांना तिथे उभे राहायची लाज वाटली. म्हणून तेही मातीत बसले.

मग मुलाच्या मदतीने बोलणे सुरू झाले. १९९६ सालच्या कायद्याने तिथल्या गावकऱ्यांना संघटित होऊन आपल्या भागातल्या वन्य प्राण्यांवर काही हक्क मिळाले. आता अशा ८० च्या वर ग्रामसंस्था त्या देशात आहेत. अतिथिगृहांकडून येणारा पैसा, शिकारीच्या परवान्यांचा पैसा त्यांच्याकडे जातो. त्यातून गावच्याच माणसांना राखणदार म्हणून नेमतात. नावाड्याची नोकरीही त्यातलीच. “म्हणजे हत्ती तुला पगार देतो,” मामी म्हणाली. मुलगा हसून म्हणाला, “मला देतो. आईकडून घेतो.” मामीला हा हिशेब तत्काळ समजला. मुख्याध्यापिकेला जमाखर्च शिकवावा लागत नाही.

त्या बाईने मग झोपडीमागून एक काळपट वीट आणून दाखवली. वाळक्या लाल मिरच्या कुटायच्या, हत्तीच्या लिदीत कालवायच्या, विटा थापून उन्हात वाळवायच्या आणि तिन्हीसांजेला शेताच्या कडेने धुमसत ठेवायच्या. धूर सोंडेला झोंबतो आणि हत्ती वाट बदलतो. रोज बदलतोच असे नाही, वारा फिरला तर मुळीच नाही. पण काही रात्री तरी पीक वाचते. मिरच्यांची धुरी! आपल्याकडे पूर्वी ती व्रात्य पोरांना देत. मामीने वहीत सगळी कृती प्रमाणासकट उतरवून घेतली आहे. लोणच्याची कृती लिहावी तशी.

निघताना त्या बाईने विचारले, “तुमच्याकडे हत्तीला देव मानतात, असे पाहुणे सांगतात. खरे का?” मामी म्हणाली, “खरे आहे. पण देवाने नैवेद्य खावा, बाग खाऊ नये.” हे भाषांतर त्या मुलाने कसे केले कोण जाणे, पण ती बाई पोट धरून हसली.

क्वांडो नदी पुढे लिन्यांटी होते आणि तिच्यापुढे चोबे. सासरी गेले की हिचेही नाव बदलते, असे मामी म्हणाली. न्गोमा येथे सीमा ओलांडून बोत्सवानात शिरताना लाळ-खुरकतीच्या भयाने बुटांचे तळवे औषधात बुडवावे लागतात. अधिकाऱ्याने खाण्याचे पदार्थ विचारले तेव्हा मामीने कैरीच्या लोणच्याची बरणी पुढे केली. त्याने झाकण उघडून वास घेतला, डोळे पुसले आणि बरणी अदबीने परत दिली.

कासानेला पोचल्यावर मामांनी आधी कझुंगुलाचा पूल पाहिला. झांबेझीवरचा हा ९२३ मीटरांचा पूल मे २०२१ मध्ये खुला झाला. शेजारच्या झिंबाब्वेच्या हद्दीला स्पर्श होऊ नये म्हणून तो वळण घेऊन नेला आहे. माणसाच्या पुलाला वाकावे लागते. आणि तिथून जवळच चोबेच्या पात्रातले सेडुडू बेट कोणाचे, यासाठी नामिबिया आणि बोत्सवाना हेगच्या न्यायालयापर्यंत भांडले. १९९९ च्या डिसेंबरात ते बोत्सवानाला मिळाले. वस्ती शून्य. त्यावर चरायला हत्ती आधीही पोहून जात होते, निकालानंतरही जातात.

पाच देशांनी मिळून राखलेल्या या विशाल टापूत २०२२ साली विमानांतून हत्ती मोजले; सुमारे २,२७,९०० भरले. त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या बोत्सवानात. आपल्या सबंध भारतात २०२५ साली जाहीर झालेला आकडा बावीस हजारांच्या घरातला आहे. बोत्सवानाने २०१४ साली शिकार बंद केली आणि शेतकऱ्यांची गाऱ्हाणी वाढल्यावर २०१९ साली पुन्हा उघडली. त्यावर युरोपात टीका होऊ लागली, तेव्हा २०२४ साली त्या वेळचे अध्यक्ष मसिसी यांनी जर्मनीला वीस हजार हत्ती पाठवून देण्याची भाषा केली. मामीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, “थोडे मुंबईलाही पाठवा म्हणावं.” गोळी घालावी, असे तिचे मत मुळीच नाही. तिचे म्हणणे एवढेच की, हत्ती वाचवा म्हणणाऱ्याने त्याच्या जेवणाचे बिलही पाहावे.

शेवटच्या संध्याकाळी दोघे चोबेवर नावेत बसली. सूर्य कलला होता. एक कळप काठावर आला. पुढे म्हातारी हत्तीण, कारण हत्तींच्या घरात कर्तेपण थोरल्या बाईकडे असते आणि मोठे झालेले नर निराळे राहतात. ती पाण्यात उतरली, मागोमाग बाकीचे. सोंडा तेवढ्या वर. मामांच्या भिंतीवरचे चित्र जसेच्या तसे समोर चालले होते. मामांनी टिपणवही काढली नाही. त्या शेतानंतर त्यांनी मोजणे सोडून दिले होते, आणि मामीला बोलावलेही नाही. पलीकडचा काठ चिखलाचा होता. सगळे चढले, एक पिल्लू घसरत राहिले. दोनदा चढले, दोनदा खाली आले. थोरली हत्तीण मागे फिरली, पाण्यात उतरली आणि तिने त्याला डोक्याने वर ढकलले. तोवर नाव वळली होती. तेव्हा पाठमोरी बसलेली मामी मान वळवून पाहत म्हणाली, “चढलं का हो पोर?” मामा म्हणाले, “चढलं.” दोघांत त्या विषयावर एवढेच बोलणे झाले.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी दोघे परतली. भावाकडे गणपतीला गेलेल्या मामीने मिरच्यांच्या विटा थापून घेतल्या. लीद मिळवायला तिथे अडचण पडत नाही. पोफळीच्या कडेने त्या लावल्या आहेत. हत्ती अजून आलेले नाहीत. पण ते धुरामुळे, की त्यांची वाटच यंदा निराळी आहे म्हणून, हे इतक्यात कोणी सांगू नये.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या मनात अशी एखादी यात्रा असेल, तर गुडघे चालताहेत तोवर निघा. कोरडा ऋतू पाहून जा, आणि घाई घरी ठेवून जा. मनूने दिलेल्या दोन पर्यायांपैकी मात्र दुसराच घ्यावा. मामा एकटे गेले असते तर टिपणवहीत हत्तींचे आकडे घेऊन आले असते. बरोबर मामी होती, म्हणून त्या आकड्यांच्या खाली कोणाचा मका गेला, तेही लिहून आले.